एक्याण्णव कोणाच्या पाढ्यात येतो? मूळ आणि संयुक्त संख्या ओळखायची रीत

९१ ही संख्या दिसली की माझा हात अजूनही क्षणभर थांबतो. शाळेत असताना एका चाचणीत मी तिला बेधडक मूळ संख्या म्हणून टाकलं होतं. सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १०, म्हणजे ३ नेही भाग जात नाही. आणखी काय बघायचं? पेपर हातात पडला तेव्हा त्या उत्तराशेजारी लाल शाईत दोनच शब्द होते: ‘तेरा साती?’ तेराचा पाढा मला झोपेत म्हणता यायचा. तो इथे म्हणायचा असतो, हे मात्र सुचलं नव्हतं.

यंदा माझी भाची सई शिष्यवृत्तीच्या तयारीला लागली आणि तिने ५१ च्या बाबतीत तेच केलं. १ ते १०० मधल्या पंचवीसच्या पंचवीस मूळ संख्या तिला पाठ होत्या, पण घाईत त्यात ५१ घुसला. आणि शंभराच्या पुढची संख्या विचारली की गाडी ठप्प. पाठांतराचं हे असंच होतं: यादी संपली की ज्ञान संपलं. म्हणून आम्ही यादी बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या आठवडाभरात जे केलं, ते इथे क्रमाने लिहितो. मूल पाचवीतलं असो वा आठवीतलं, क्रम हाच ठेवा.

आधी चिंचोके, मग व्याख्या

एक ताट आणि मूठभर चिंचोके घ्या. शेंगदाणे घेऊ नका. आम्ही पहिल्या दिवशी घेतले होते. मध्येच २४ चे २३ झाले आणि मांडणी का बसत नाही यावर दहा मिनिटं गेली.

मुलाला सांगायचं: १२ चिंचोके आयतात मांड. प्रत्येक ओळीत सारखेच हवेत, शेवटी एकही सुटा राहता कामा नये. सईने दोन ओळींत सहा-सहा मांडले, मग तीन ओळींत चार-चार. बाराची एकच लांब ओळही होते, हे तिला सांगावं लागलं. मग आणखी एक चिंचोका ताटात टाकला: आता १३ मांड. तिने दोन ओळी करून पाहिल्या, एक उरला. तीन करून पाहिल्या, एक उरला. चार केल्या, पुन्हा एक. पाच ओळी केल्यावर तीन उरले. शेवटी म्हणाली, “मामा, याची एकच रेघ होते.”

झालं की. ज्या संख्येची एका रेघेखेरीज दुसरी मांडणी होत नाही ती मूळ संख्या. जिची आयताकृती मांडणी आणखी एखाद्या तऱ्हेने होते ती संयुक्त संख्या. पुस्तकातली व्याख्या हेच वेगळ्या शब्दांत सांगते: ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात ती मूळ, आणि दोनाहून जास्त विभाजक असतात ती संयुक्त. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. तेराचे फक्त १ आणि १३.

पाढ्यांच्या भाषेत सांगायचं तर १३ हा एकच्या आणि स्वतःच्या पाढ्याशिवाय कोणाच्याच पाढ्यात येत नाही. १२ मात्र बे सक बारा, तीन चोक बारा, चार त्रिक बारा, सहा दुणे बारा असा चार घरी भेटतो.

१ आणि २: सगळ्यात जास्त गुण इथे जातात

ताटात एकच चिंचोका ठेवा. त्याचे विभाजक किती? एकच, तो स्वतः. मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात, संयुक्तला त्याहून जास्त. म्हणून १ मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

“पण १ ला १ ने आणि स्वतःनेच भाग जातो ना?” हा प्रश्न प्रत्येक वर्गात एक तरी मूल विचारतं आणि तो रास्त आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत काही गणितीसुद्धा १ ला मूळ संख्यांत धरत. पुढे त्याला बाहेर काढलं ते सोयीसाठी. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३ असे एकाच प्रकारे पडतात, क्रम काय तो बदलेल. १ ला मूळ म्हटलं की १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशी शेपूट कितीही लांबवता येते आणि ‘एकाच प्रकारे’ हे म्हणणं बाद होतं. या एका गुणधर्मावर पुढचा मसावि-लसावि सगळा उभा आहे, तेव्हा त्याच्यापुढे १ चा मान गेला तर गेला.

दुसरी चूक उलट दिशेची. ‘मूळ संख्या विषम असतात’ असं मुलं घोकतात आणि २ ला विसरतात. २ मूळ आहे आणि सम संख्यांमध्ये ती एकटीच मूळ आहे, कारण तिच्यानंतरची प्रत्येक सम संख्या बेच्या पाढ्यात सापडते. याचा व्यत्यास तर अजिबात खरा नाही. ९, १५, २१, २५, २७ विषम आहेत आणि सगळ्या संयुक्त आहेत.

चाळणी, पण सहा घरांची

ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिस इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात होता. पृथ्वीचा घेर मोजणारा तो हाच. मूळ संख्या वेगळ्या काढायची त्याची चाळणी आपल्या पाठ्यपुस्तकांत दहा-दहाच्या ओळींत छापलेली असते. मी सहा-सहाच्या ओळी करायला लावतो. कारण करून पाहिल्यावर कळेल.

चौकटीच्या वहीत पहिल्या ओळीत १ ते ६ लिहा, दुसऱ्या ओळीत ७ ते १२, असं १०० पर्यंत. १७ ओळी होतील, शेवटच्या ओळीत चारच संख्या येतील. आता:

१ ला चौकोन करून बाजूला काढा.

२ ला गोल करा. त्यानंतरच्या बेच्या पाढ्यातल्या सगळ्या संख्या खोडा. इथेच मजा सुरू होते, कारण एकेक संख्या शोधावी लागत नाही. चौथा आणि सहावा स्तंभ वरपासून खालपर्यंत पट्टीने उभा खोडायचा, दुसरा स्तंभ २ सोडून. एकूण ४९ संख्या गेल्या.

३ ला गोल करा. तिसरा स्तंभ ३ सोडून उभा खोडा. सहावा आधीच गेला आहे. नव्याने १६ गेल्या.

५ ला गोल करा. पाचच्या पाढ्यातल्या संख्या तिरक्या रेषेत दिसतात: एक घर खाली, एक घर डावीकडे. २५ च्या आधीचे १०, १५, २० खोडून झालेलेच आहेत. नवीन जातात त्या फक्त सहा: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५.

७ ला गोल करा. सातच्या संख्या उलट्या तिरक्या उतरतात: एक घर खाली, एक घर उजवीकडे. नवीन जातात त्या तीनच: ४९, ७७ आणि आमचा जुना वैरी ९१.

थांबा. चाळणी संपली. उरलेल्या सगळ्यांना गोल करा आणि मोजा, पंचवीस भरल्या पाहिजेत. ४९, १६, ६ आणि ३ मिळून ७४ खोडल्या, एकाला बाजूला काढलं, २५ उरल्या. शंभराचा हिशेब जुळतो. नाही जुळला तर बहुतेक वेळा ९१ गोलात सापडतो.

आता कागद जरा लांब धरून बघा. २ आणि ३ सोडले तर सगळे गोल पहिल्या आणि पाचव्या स्तंभातच आहेत. म्हणजे ३ च्या पुढची प्रत्येक मूळ संख्या सहाच्या पाढ्यातल्या कुठल्यातरी संख्येच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर असते. दहाच्या ओळींत हे दिसतच नाही. मात्र उलट अर्थ काढू नका: २५, ३५, ४९ त्याच स्तंभांत राहतात आणि संयुक्त आहेत. सहाची शेजारीण असणं ही अट आहे, दाखला नव्हे.

परीक्षेपुरता एक टेकू: दर दहा संख्यांत मूळ संख्या किती, हे फोन नंबरसारखं लक्षात राहतं, ४४२२३२२३२१. पहिल्या दहात चार, ११ ते २० मध्ये चार, २१ ते ३० मध्ये दोन, असं शेवटच्या ९१ ते १०० मध्ये एक, ती ९७. यादी पाठ असणाऱ्यांनी ती या आकड्यांशी पडताळून घ्यावी.

सातवरच का थांबलो?

हा प्रश्न मुलाने विचारला नाही तर आपण विचारायचा. शंभराच्या पुढे जायची किल्ली इथे आहे.

३६ च्या जोड्या लिहा: १ × ३६, २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६. पुढे ९ × ४, १२ × ३, त्याच जोड्या उलट्या. प्रत्येक जोडीत लहान भिडू ६ किंवा त्याहून लहान आहे, कारण दोघेही ६ पेक्षा मोठे असते तर गुणाकार ३६ च्या पुढे गेला असता. म्हणजे विभाजक शोधायचा तर वर्गमुळापर्यंतच शोधायचा. तिथवर लहान भिडू सापडला नाही तर त्याचा मोठा जोडीदारही नाही. १०० चं वर्गमूळ १०, आणि १० च्या आतल्या मूळ संख्या २, ३, ५, ७ एवढ्याच.

आणि भागायचं ते मूळ संख्यांनीच. ४ ने, ६ ने, ९ ने भागून बघण्यात वेळ घालवू नका. २ ने भाग गेला नाही तर ४ ने जाणार कुठून?

वर्गमूळ काढायचीही गरज नाही, वर्ग पाठ असले की पुरे. संख्या १२१ पेक्षा लहान असेल तर ७ पर्यंत तपासा. १६९ पेक्षा लहान असेल तर ११ पर्यंत, २८९ पेक्षा लहान तर १३ पर्यंत, ३६१ पेक्षा लहान तर १७ पर्यंत, ५२९ पेक्षा लहान तर १९ पर्यंत. हजारापर्यंतची कुठलीही संख्या फार तर ३१ पर्यंत तपासावी लागते, म्हणजे अकरा भागाकार. त्यातले २, ३, ५ नजरेनेच होतात.

एकेक संख्या तपासायची रीत

२, ३, ५ च्या कसोट्या सगळ्यांना येतात. पुढच्या मी अशा शिकवतो. सगळ्यांत एकम स्थानचा अंक तोडायचा आणि उरलेल्या संख्येशी काहीतरी करायचं.

७ साठी: शेवटच्या अंकाची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा.
११ साठी: शेवटचा अंक तसाच वजा करा.
१३ साठी: शेवटच्या अंकाची चौपट मिळवा.
१७ साठी: शेवटच्या अंकाची पाचपट वजा करा.
१९ साठी: शेवटच्या अंकाची दुप्पट मिळवा.

उत्तराला त्या संख्येने भाग गेला तर मूळच्या संख्येलाही जातो. उत्तर ० आलं तरी भाग जातो.

२२१ घेऊ. २८९ च्या आत आहे, म्हणजे १३ पर्यंत. विषम आहे. अंकांची बेरीज ५, तीन गेला. शेवटी १, पाच गेला. सात: २२ वजा २ म्हणजे २०, नाही. अकरा: २२ वजा १ म्हणजे २१, नाही. इथवर येऊन मुलं कंटाळतात आणि ‘मूळ’ लिहून मोकळी होतात. तेरा: २२ अधिक ४ म्हणजे २६. तेर दुणे सव्वीस! २२१ = १३ × १७, संयुक्त.

आता ३९७. वीसचा वर्ग ४००, म्हणून १९ पर्यंत तपासायचं. बेरीज १९, तीन नाही. सात: ३९ वजा १४ म्हणजे २५, नाही. अकरा: ३९ वजा ७ म्हणजे ३२, नाही. तेरा: ३९ अधिक २८ म्हणजे ६७, नाही. सतरा: ३९ वजा ३५ म्हणजे ४, नाही. एकोणीस: ३९ अधिक १४ म्हणजे ५३, नाही. सगळी दारं ठोठावून झाली. ३९७ मूळ संख्या आहे, आणि हे आता पुस्तकात न बघता छातीठोकपणे सांगता येतं.

कसोट्या नकोशा वाटत असतील तर सरळ भागाकार करा, काही बिघडत नाही. शेवटच्या मूळ संख्येपर्यंत जाणं महत्त्वाचं. ५१ (सतरा त्रिक), ५७ (एकोणीस त्रिक), ८७ (एकोणतीस त्रिक), ९१, ११९, १३३, १४३, १६१ या फसव्या संख्या एकदा स्वतः फोडून पाहा. २०२१ हे सालही त्यातलंच आहे: दिसायला अगदी मूळ, पण ४३ × ४७. २०२७ मात्र खरोखरच मूळ आहे.

संयुक्त संख्या फोडायची कशी

संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनते आणि ती फोडायची सोपी पद्धत म्हणजे उभी मांडणी. ३६० ला २ ने भागा, १८०. पुन्हा २, ९०. पुन्हा २, ४५. आता २ चालत नाही, ३ घ्या: १५, मग ५. शेवटी ५ ने भागून १. म्हणून ३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. लहान मूळ संख्येपासून सुरुवात करायची आणि ती थकेपर्यंत सोडायची नाही, एवढाच नियम.

यातून विभाजक किती हेही न मोजता कळतं. २ तीनदा, ३ दोनदा, ५ एकदा आलाय. प्रत्येकात एक मिळवून गुणा: ४ × ३ × २ = २४. वर्तुळाचे ३६० अंश इतके सोयीचे वाटतात ते उगीच नव्हे.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जुन्या रुपयाचं आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तोवर रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै होत्या. १९२ चे मूळ अवयव म्हणजे सहा वेळा २ आणि एकदा ३. त्यामुळे एक रुपया तिघांत वाटला की प्रत्येकी ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै, चोख. आताच्या रुपयात १०० पैसे, २ × २ × ५ × ५. त्यात ३ नाहीच. तिघांत वाटायला गेलं की ३३ पैशांवर गाडी अडते आणि एक पैसा उरतो, अगदी त्या तेराव्या चिंचोक्यासारखा. दशमान पद्धतीचे फायदे पुष्कळ आहेत, पण या एका बाबतीत आजीचा हिशेब सरस होता.

मसावि काढताना दोन्ही संख्यांत सामाईक असलेले मूळ अवयव तेवढे घ्यायचे, लसाविसाठी प्रत्येक मूळ अवयव जिथे जास्त वेळा आलाय तिथून घ्यायचा. ३६ = २ × २ × ३ × ३ आणि ४८ = २ × २ × २ × २ × ३. मसावि १२, लसावि १४४.

सहमूळ आणि जोडमूळ

नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. ज्या दोन संख्यांचा १ हाच एकमेव सामाईक विभाजक असतो त्या सहमूळ. त्या स्वतः मूळ असायलाच हव्यात असं नाही: ८ आणि १५ दोन्ही संयुक्त आहेत, तरी परस्परांत सहमूळ. जोडमूळ म्हणजे दोनच्या फरकाने येणाऱ्या मूळ संख्या: ३ आणि ५, ११ आणि १३, ७१ आणि ७३. शंभरापर्यंत अशा आठ जोड्या आहेत आणि सहा घरांच्या कागदावर त्या शोधायला डोळ्यांना काही कष्ट पडत नाहीत. जोडमूळ जोड्या अनंत आहेत का, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही.

मूळ संख्या अनंत आहेत हे मात्र युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे. समजा मूळ संख्या २ ते १३ एवढ्याच आहेत. त्या सगळ्यांचा गुणाकार करून १ मिळवा: ३००३१. यादीतल्या कोणत्याही संख्येने भागलं तरी बाकी १ उरणार, म्हणजे यादीबाहेरची मूळ संख्या असलीच पाहिजे. अनेक जण इथे ‘३००३१ हीच नवी मूळ संख्या’ असं लिहितात, ते चूक. ३००३१ = ५९ × ५०९. नव्या मूळ संख्या तिच्या पोटात निघाल्या. यादी कितीही लांब घ्या, युक्तिवाद तोच लागू पडतो.

संख्या मूळ आहे का हे झटपट ओळखता येणं आणि ती फोडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी पहिल्या कामाची खात्रीशीर, वेगवान रीत शोधली. दुसऱ्या कामाला साध्या संगणकांसाठी तशी रीत माहीत नाही. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार फोडता येत नाही, या अडचणीवरच इंटरनेटवरच्या कुलपांचा एक मोठा प्रकार चालतो.

सरावासाठी आहेराची पाकिटं

पुस्तकी उदाहरणं संपली तेव्हा घरात लग्न होतं आणि आहेराच्या पाकिटांची थप्पी समोर होती. वरचा एक रुपया का, तर ‘रक्कम विभागली जाऊ नये म्हणून’ असं कोणीतरी म्हणालं. सईने पेन्सिल घेतली. ११ मूळ. २१, तीन साती. ५१, सतरा त्रिक, या वेळी न चुकता. १०१ मूळ, १५१ मूळ. २५१ ला तेरापर्यंत गेली, मूळ. ५०१, बेरीज सहा, संयुक्त. १००१ वर बराच वेळ अडली आणि मग ७ × ११ × १३ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

आठवड्याने तिचा वाढदिवस आला. मी विचारलं, पाकिटात २५१ घालू की ५०१? धाकट्या दोन्ही भावंडांकडे एकदा बघून ती म्हणाली, “५०१ घाल मामा. आमचे प्रत्येकी १६७ होतात.”